दगडाचा ओढा

त्रिंबक पाणाड्याच्या चहात दिवाळीपासून गूळ नव्हता. बहात्तरचं साल, सलग दुसऱ्या वर्षी आभाळानं पाठ फिरवलेली. खापरवाडीची माणसं सरकारी दुकानातल्या लाल मिलो ज्वारीची भाकरी कशीबशी गिळत होती, आणि ती गिळायला लागणारं पाणी बाया दोन कोसांवरून, नदीच्या वाळूत झिरे उकरून, वाटीवाटीनं भरून आणत होत्या. अशा दिवसांत गुळासाठी कुरकुर करणाऱ्याला लोकांनी वेड्यात काढलं असतं. त्रिंबकची बायको विमलबाई रोज सकाळी काळा चहा पुढं सरकवायची आणि म्हणायची, "गूळ संपला." तो फुरका मारून प्यायचा आणि गप्प बसायचा.

मग तिचा भाऊ आला आणि त्याच घरातून गुळाची अर्धी ढेप निघाली.

माणसाचं डोकं कशावरून फिरेल ते सांगता येत नाही. कुणाचं बांधावरून फिरतं, कुणाचं मानपानावरून. त्रिंबकचं गुळावरून फिरलं, आणि त्यापायी सबंध गाव तहानेनं मरायची वेळ आली होती.

त्रिंबक म्हणजे पाणी बघणारा माणूस. नेकनूरपासून केजपर्यंत ज्याला विहीर पाडायची असेल तो आधी त्याच्या दारात यायचा. त्याच्याकडं बापानं दिलेला एक नारळ होता. वाळून आतलं खोबरं सुटलेलं, हलवला की खुळखुळ वाजायचा. तो नारळ तळहातावर आडवा ठेवून त्रिंबक अनवाणी रान तुडवायचा, आणि जिथं नारळ आपोआप उभा राहील तिथं खाली पाणी. दहा विहिरींतल्या सहांना लागायचं, चारांना नाही. सहांचं लोक चार गावांत सांगत सुटायचे, चारांचं खापर मालकाच्या नशिबावर फुटायचं. धंदा म्हणून याहून बरा धंदा शोधून सापडायचा नाही. पण त्रिंबक लबाड नव्हता, हे इथंच सांगून ठेवतो. त्या नारळावर त्याचा देवावर असावा तसा विश्वास होता. पाणी लागल्यावर काठावर गूळ वाटायचा मान पाणाड्याचा असे, आणि तो गूळ वाटताना त्रिंबकचा हात राजासारखा चालायचा.

त्या साली गावानं सहकारी संस्था काढली. 'खापरवाडी सामुदायिक विहीर सहकारी संस्था' अशी पाटी रंगवून झाली, सुंदरराव चेअरमन झाले, गायरानात विहीर पाडायचं ठरलं. मंजुरी एकाच विहिरीला, तीही चाळीस हातांपर्यंत. सुरुंगाची दारू त्याच मापानं मिळायची होती. विहीर कोरडी गेली तर दुसरी नाही. मग गुरं सोडून द्यायची आणि आपणही जिथं पाणी असेल तिकडं चालू लागायचं. सुंदरराव चावडीत सगळ्यांदेखत म्हणाले, "त्रिंबक, जागा तू सांग." त्या दिवशी त्रिंबकला स्वर्ग दोन बोटं उरला.

आठ दिवस त्यानं गायरान पालथं घातलं. नारळ उभा राहीना. गायरानातून काळ्या दगडाचा एक पट्टा बांधासारखा सरळ आलेला होता आणि मध्येच एका बाजूला वळला होता. त्या पट्ट्यावर नारळ जरासा डुगडुगला, तेवढंच. वळणाच्या बाहेरच्या अंगाला तांबड्या मातीचा एक उंचवटा होता. तिथं तर नारळ मढ्यासारखा पडून राहिला. इतकी मेलेली जागा त्रिंबकनं उभ्या आयुष्यात पाहिली नव्हती. त्यानं तिथं थुंकून टाकलं आणि घरी आला.

नवव्या दिवशी एस.टी.तून शहादेव उतरला. हा विमलबाईचा धाकटा भाऊ, सिरसाळ्याचा. अंबाजोगाईच्या एका कॉलेजात भूगर्भशास्त्र शिकवायचा. खांद्याच्या पिशवीत हातोडी आणि एक भिंग. वाटेत दिसेल तो दगड फोडायचा आणि डोळ्याला भिंग लावून बघत बसायचा. आई लवकर गेल्यामुळं विमलबाईनं त्याला कडेवर वागवून वाढवलं होतं. त्याला दारात बघून तिचं तोंड असं उजळलं की त्रिंबक बघतच राहिला. वीस वर्षं संसार झाला, पण हे तोंड आपल्या वाट्याला कधी आलं नाही, असं त्याच्या मनात आलं, आणि आलं ते तिथंच ठाण मांडून बसलं.

दोन दिवस शहादेव गायरानात हिंडला. तिसऱ्या दिवशी त्याचं ऐकायला मारुतीच्या पारावर लोक जमले. तेव्हा तो बहिणीला म्हणाला, "आक्का, गुळाची ढेप हाय का गं? अन् कढत पाण्याचा तांब्या?"

त्रिंबक मनात हसला. म्हटलं, माग आता गूळ. विमलबाई उठली, घरात गेली आणि फडक्यात गुंडाळलेली अर्धी ढेप घेऊन आली. चांगली पायलीएवढी. त्रिंबकच्या तोंडाला आधी पाणी सुटलं आणि मग कानशिलं तापली. दिवाळीपासूनचे सगळे काळे चहा एकदम घशाशी आले.

शहादेवनं ढेप परातीत तिरपी धरली. "आपला हा काळा दगड एका काळी रस होता," तो म्हणाला. "भुईच्या पोटातून वर आला अन् वाहत गेला. गुळाच्या काहिलीतल्या रसापरीस कितीतरी कढत."

पारावरचा म्हातारा हरिबा म्हणाला, "दगड वाहिला?"

"वाहिला, आज्जा. अन् नुसता वाहिला न्हाई. आता बगा." त्यानं कढत पाण्याची बारीक धार ढेपेवर सोडली. धार गुळावरून ओघळू लागली, आणि बघता बघता तिच्याखाली चर पडत गेला. "खालची जमीन तो चाटून जात न्हाई, खातो. आधी तापवतो, मऊ करतो, वितळवतो, अन् सोबत घेऊन जातो. जितका वेळ वाहील तितका चर खोल. मागनं रस थंड होऊन त्याच चरात गोठतो. चंद्रावर माणसं उतरली का न्हाई? त्यातली एक जोडी अशाच एका दरीच्या काठावर उभी राहून आली. तिथं पाण्याचा थेंब न्हाई, पन वढा हाय. दगडानं पाडलेला."

"म्हंजे दगड वाहतोय अन् पानी बसून राहतंय म्हना की!" त्रिंबक मोठ्यानं म्हणाला.

लोक खदखदून हसले. पण शहादेवही हसला, आणि हसून झाल्यावर लोक पुन्हा त्याच्याकडंच बघू लागले. टोमणा फुकट गेला.

"दाजी बोलले ते खरंच हाय," शहादेव म्हणाला. "गायरानातला काळा पट्टा म्हंजे दगडाचा वढा. खाली चर हाय, अन् त्या चराच्या तळाला पानी बसून असनार."

त्रिंबक मात्र परातीकडं बघत होता. धारेला ढेपेत एक टणक गाठ आडवी आली होती. तिथं धार वळली आणि वळताना बाहेरच्या काठाला घासून आतपर्यंत घुसली. मधल्यापेक्षा काठाचा गूळ जास्त खाल्ला गेला होता. त्यानं ते पाहिलं, पण त्याला त्यात एवढंच दिसलं की आपल्या घरचा गूळ परातीत वाहून चाललाय.

सुंदरराव उठले. "मास्तर, खुंटी तुमी मारा," ते म्हणाले. त्रिंबककडं कुणी वळूनसुद्धा पाहिलं नाही. पिकतं तिथं विकत नाही म्हणतात ते उगीच नव्हे. शहादेवनं काळ्या पट्ट्याच्या मधोमध, वळणाशी, बाभळीची खुंटी ठोकली आणि संध्याकाळच्या गाडीनं तो अंबाजोगाईला गेला. लोक पांगताना सुंदररावांना काय दया आली कोण जाणे, ते म्हणाले, "त्रिंबक, उद्या खुंटीला शेंदूर तेवढा तू लाव."

शेंदूर लावायचं काम! वीस गावांचं पाणी सांगणाऱ्या माणसाला! त्रिंबक रात्रभर कूस बदलत राहिला. त्याला शहादेवचा हेवा वाटत होता. त्या भिंगाचा हेवा, त्या चंद्राचा हेवा, बायकोच्या त्या उजळलेल्या तोंडाचा आणि फडक्यातल्या गुळाचा तर सगळ्यांहून जास्त.

दुसऱ्या दिवशी भर दुपारी अख्खं गाव दुष्काळी कामावर खडी फोडायला गेलेलं. गायरानात कुत्रंसुद्धा नव्हतं. त्रिंबक शेंदराची पुडी घेऊन गेला आणि खुंटीसमोर उभा राहिला. नारळ इथं डुगडुगला होता हे त्याला आठवलं. म्हणजे मेहुण्याला पाणी लागायचीही शक्यता होती. ते काही त्याच्यानं सोसवेना. त्यानं खुंटी हलवून हलवून उपटली, भोकात माती लोटून पायानं सारखी केली आणि चाळीस पावलं चालून तांबड्या उंचवट्यावर गेला. जिथं नारळ मढ्यासारखा पडला होता, बरोब्बर तिथं खुंटी ठोकली आणि दोन दगड रचून शेंदूर फासला. उघड्या माळावर चाळीस पावलांचा फरक कुणाला कळणार? शंका आलीच तर जाता जाता शहादेवनंच जागा बदलली असेल, असं लोक धरून चालतील. काम सुरू करायला नेकनूरहून दिलावर सुरुंगवाला आला तेव्हा त्याला शेंदूर दिसला, आणि शेंदूर लावलेली खुंटी कुणी वाद घालून हलवत नसतं.

खोदकाम सुरू झालं. दहा हात माती, पुढं मुरूम, पुढं दगड. त्रिंबक रोज संध्याकाळी काठावर जाऊन खाली बघायचा. खाली कोरडं दिसलं की त्याला बरं वाटायचं, आणि बरं वाटलं की स्वतःची शरम वाटायची. शरम घेऊन घरी यावं तर विमलबाई दोन कोसांवरून हंडा घेऊन आलेली असायची. टाचांना भेगा पडून त्यातून रक्त यायचं. वीस हातांवर त्याला वाटलं, सांगून टाकावं. तेवढ्यात शहादेवचं कार्ड आलं. विमलबाईनं ते शेजारच्या मास्तरांकडून दोनदा वाचून घेतलं आणि रात्री जेवताना तिसऱ्यांदा तोंडपाठ म्हणून दाखवलं. त्रिंबकचं सांगायचं राहून गेलं.

तीस हातांवर गावात कुजबुज सुरू झाली. सुंदररावांनी जेवण सोडलं. त्या संध्याकाळी विमलबाईनं हंडा उतरवला आणि ती तिथंच जमिनीवर बसली. उठवेना तिला. त्रिंबक तिच्याजवळ गेला, तोंड उघडलं.

"ऐक, त्या हिरीचं..."

"लागंल वो," ती डोळे मिटून म्हणाली. "शहादेव सांगून गेलाय. त्याचं सांगनं कधी वाया जायचं न्हाई."

त्रिंबक हंडा उचलून आत घेऊन गेला.

छत्तिसाव्या हातावर दिलावरनं सुरुंग लावला. बार झाला, धूर निवळला, आणि दिलावर खालून असा ओरडला की काठावरची माणसं दचकली, "लागलं! ओ चेअरमनसाब, पानी लागलं! लई लागलं!"

विहिरीच्या एका अंगाला, जिथं काळा दगड तांबड्या थरात घुसलेला होता, तिथल्या भेगेतून मनगटाएवढी धार सुटली होती. गाव धावलं. बाया रडल्या. त्रिंबक काठावर उभा राहून बघत होता आणि त्याला काही कळेनासं झालं होतं. गावाला पाणी मिळालं होतं, बायकोची पायपीट सुटली होती. याचा आनंद व्हायला हवा होता. पण त्याला एवढंच दिसत होतं की ज्या जागेवर आपला नारळ मेला तिथं पाणी आहे, आणि हे पाणी आता शहादेवच्या नावावर वाहणार. करायला गेला गणपती आणि झाला मारुती, तोही दुसऱ्याच्या देवळातला.

दुसऱ्या दिवशी शहादेव आला. सुंदररावांनी हार आणून ठेवला होता. पण शहादेव आधी दोराला धरून विहिरीत उतरला. बराच वेळ भिंग लावून भिंत बघत बसला. वर आला तेव्हा गुडघ्यापर्यंत भिजलेला होता. तो काळ्या पट्ट्याकडं चालत गेला, परत आला, पावलं मोजली. मग हार घालायला आलेल्या सुंदररावांचा हात त्यानं धरला.

"ही जागा माझी न्हाई," तो म्हणाला.

त्यानं काळ्या पट्ट्याकडं बोट केलं.

"माझी खुंटी तिकडं व्हती, पट्ट्याच्या मधोमध. तिथं खोदलं असतं तर चाळीस हात सलग पाषान लागला असता, अन् थेंब न्हाई. खाली भिंत बगा. तिकडच्या अंगाला दगडाला एक भेग न्हाई."

"पहार नुसती ठिनगी काढती तिथं," दिलावर खालून म्हणाला.

"रस जिथं वळला तिथं बाहेरच्या काठाला घासला. खालची माती अन् जुना दगड खात आत घुसला. भेगा पडल्या त्या काठाला, अन् पानी बी काठालाच. मी मधे बघत बसलो. मला काठ दिसला न्हाई." त्यानं आजूबाजूला पाहिलं. "खुंटीला शेंदूर कुणी लावला?"

सगळ्या माना त्रिंबककडं वळल्या.

"दाजींनी गुपचूप खुंटी हलवली," शहादेव म्हणाला. "चार माणसांत माझी चूक दाखवून मला लाजवलं न्हाई. इतके दिवस शब्द काढला न्हाई. मी पुस्तकं शिकलो, पन पानी ह्यांना कळतं." आणि तो वाकून त्रिंबकच्या पाया पडला. सुंदररावांनी हार त्रिंबकच्या गळ्यात घातला.

जे हवं होतं ते सगळं मिळालं होतं. गप्प राहायचं, बस्स. त्रिंबक गप्प राहिलाही असता. पण तेवढ्यात विमलबाई बायांमधून पुढं आली. तिचं तोंड तसंच उजळलं होतं, जसं भावाला बघून उजळलं होतं, आणि या वेळी ती बघत होती त्रिंबककडं. तिनं पदराखालून फडकं काढलं. आत गुळाची उरलेली अर्धी ढेप होती.

"दिवाळीपासनं लपवून ठिवली व्हती," ती म्हणाली. "हिरीची बोलनी गावात दिवाळीतच चालली व्हती, तवाच ठरवलं, पानी लागलं की गूळ तुमच्या हातानं वाटायचा. म्हून रोज खोटं बोलले, गूळ संपला म्हून. अर्धी शहादेवला दिली ती बी ह्या हिरीसाठीच. वाटा आता."

त्रिंबकनं ढेप हातात घेतली. तिच्या वजनानं त्याचे हात खाली गेले. आपण जिचा हेवा केला ती ढेप आपलीच होती, हे त्याला कळलं, आणि मग त्याच्यानं राहवलं नाही.

"खुंटी मी हलवली," तो म्हणाला. "पन पानी लागावं म्हून न्हाई. माझा नारळ ह्या जागंवर मेल्यावानी पडला व्हता. सबंध गायरानात याच्याइतकी कोरडी जागा न्हाई, असं समजून मी खुंटी हितं आनली. शहादेव तोंडावर पडावा म्हून. हीर कोरडी जावी म्हून."

सुंदररावांचा हात हार काढून घ्यायला अर्धा वर गेला आणि तिथंच राहिला. शहादेव बघत होता, जणू ओळखीचा दगड फोडून आत भलतंच काही निघालं. विमलबाईच्या तोंडावरचा उजेड मावळला. त्रिंबकनं ते पाहिलं, आणि कोरडी गेलेली विहीर बघणं याहून सोपं असतं असं त्याला वाटलं.

तेवढ्यात विहिरीतून दिलावर ओरडला, "कशापायी लागलं ते पान्याला कुटं ठावं हाय? गूळ सोडा वो खाली!"

हरिबा आधी हसला, मग एकेक जण हसू लागला. तहानलेल्या माणसाला फार वेळ रागावता येत नाही. त्रिंबकनं ढेप शहादेवपुढं केली. "तू वाट," म्हणाला.

"माझी जागा कोरडी व्हती, दाजी," शहादेव खाली बघत म्हणाला. "मी कसा वाटू?"

ढेप दोघांच्या हातांमध्ये तशीच राहिली. मग विमलबाईनं ती काढून घेतली. काठावरच्या दगडावर आपटून फोडली आणि स्वतःच्या हातानं वाटायला लागली. आधी झिऱ्यावर जाणाऱ्या सगळ्या बायांना दिला. मग टोपलीतून खाली दिलावरला आणि त्याच्या माणसांना. मग सुंदररावांना, हरिबाला, भावाला. पाणाड्याच्या हाताशिवाय गूळ वाटला गेल्याचं त्या भागात कुणी आधी पाहिलं नव्हतं. त्रिंबकपाशी ती आली तेव्हा फडक्यात गुळाचे बारीक कण तेवढे उरले होते. तिनं ते फडकं त्याच्या अंगावर झटकलं आणि पुढं गेली.

आठ दिवस ती त्याच्याशी बोलली नाही. दरम्यान केजकडचा एक माणूस पाणी बघायला बोलवायला आला. त्रिंबकनं त्याला शहादेवचा पत्ता दिला आणि वर सांगितलं, "मी बी यीन त्याच्यासंगं. त्याला म्हनावं, मधे बघू नगं. काठ मी बघतो." ते बोलणं विमलबाईनं चुलीपाशी बसून ऐकलं.

नवव्या दिवशी सकाळी तिनं काळा चहा त्याच्यापुढं सरकवला.

"गूळ संपला," ती म्हणाली.

या खेपेला ते खरं होतं. त्रिंबकनं फुरका मारला आणि शेवटच्या घोटापर्यंत चहा पिऊन टाकला.